रायफलीवरचा आळ

कापूस घरात आला की आमच्याकडे शिंका सुरू होतात. पहिली शिंक बायकोची, मग माझी, मग ओसरीवरच्या कुत्र्याची. दसरा होऊन गेला, थंडीनं अजून नीट जोर धरलेला नाही, आणि आर्णीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये एका बाजूला कापसाची गंजी चढायला लागली आहे. तंतू सगळीकडे उडतात. चहाच्या कपात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माझ्या मिशीत. सुमन, म्हणजे माझी बायको, काल म्हणाली, "आरशात पाहा बरं जरा. पोळ्यापर्यंत काळ्या होत्या मिशा." मी म्हणालो, पोळ्यापर्यंत तूही गोड बोलत होतीस. असे आमचे संवाद.

पण हा वास आला, वेचून आणलेल्या कापसाचा, उन्हात तापलेल्या सरकीचा जरासा तेलकट वास, की माझी नजर आपोआप शेडच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथं दहा मीटर लांबीची मोकळी जागा आहे. एका टोकाला जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ, दुसऱ्या टोकाला भिंतीशी जाड फळ्या आणि त्यांवर लोखंडी पेटी, ज्यात कागदाचं लक्ष्य अडकवतात. ही माझ्या धाकट्या बहिणीची, कुंदाची, रायफलीच्या सरावाची जागा. आणि त्या भिंतीशेजारच्या फळीवर, खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं एक यंत्र आहे. त्याचं खरं नाव क्रोनोग्राफ. बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगानं गेली हे ते सांगतं. आमच्या घरात त्याला कोणी त्या नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे मोजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला काटाच म्हणतात, म्हणून तो वेगाचा काटा.

कापूस पिकवणाऱ्या माणसाचा काट्यावर कधी विश्वास नसतो. मेटॅडोर भरून न्यायचा, व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवायचा आणि आकडा पाहून तोंड वाकडं करायचं, हे आम्हाला बाळकडूतच मिळालेलं आहे. मी तर असा संशयी की वाण्याकडची गुळाची ढेपही घरी येऊन पुन्हा तोलतो. अशा मी आयुष्यात एकाच काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. तोही तो खोटं बोलत होता तेव्हा.

कुंदा शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडची गाय मान वर करून पाही. पण हातात रायफल आली की ही बाई कोण, असा प्रश्न पडायचा. हवेच्या दाबावर चालणारी स्पर्धेची रायफल होती तिची, बारीक शिशाचे छर्रे मारणारी. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, मुठीवर रायफल तोलून ती उभी राहिली की शेडमधल्या चिमण्यासुद्धा तिला खांब समजत. मी कितीदा बाजूला बसून पाहिलं आहे. श्वास कधी घेतला आणि कधी थांबवला, कळायचं नाही. नुसता 'टप्' असा आवाज व्हायचा आणि समोरच्या कागदाच्या मधोमध भोक पडायचं. पुढचा छर्रा त्याच भोकातून जायचा. मी चिडवायचो, "एकच छर्रा मारला अन् बाकीचे खिशात घातले का गं?"

तिला कापसाचा हंगाम फार आवडायचा. उन्हाळ्यात रिकाम्या शेडमध्ये प्रत्येक आवाज टिनावर आपटून परत यायचा. गंजी चढली की शेड मऊ व्हायचं. "कापूस आवाज पेते, दादा," ती म्हणायची. "आता कशी शांतता भेटते पाह्य." लग्नाचा विषय काढला की हेच कारण. "मले शांतता पाह्यजे. नवरा आला का घरात बडबड येते. आता तुह्यंच पाह्य." सुमन यावर इतकी हसायची की मला रागावताही यायचं नाही.

वेगाचा काटा घरात आला त्या वर्षी सीतादहीच्या दिवशी पहिल्यांदा काही तरी चुकलं.

कापसाची पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे शेताच्या कोपऱ्यात छोटीशी पूजा करतात. पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो चारही बाजूंना शिंपायचा. आमच्या घरची आणखी एक रीत म्हणजे पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस काढून, बोटांनी ओढत ओढत त्याचा दोरा करायचा आणि पाच पऱ्हाट्यांभोवती, म्हणजे कापसाच्या झाडांभोवती, फिरवायचा. हा मान घरच्या लेकीचा. कुंदा लहानपणापासून हा दोरा ओढत आली होती. एका बोंडातून ती इतका लांब दोरा काढायची की आई म्हणायची, या पोरीच्या बोटांत चरखा आहे.

त्या सकाळी दोरा तुटला. तिनं पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. तिनं बोटांवर फुंकर मारली, हात चोळले, हसली. "थंडी पडली बावा औंदा," म्हणाली. थंडी नव्हती. मी सदऱ्याची बाही वर करून उभा होतो. शेवटी सुमननं दोरा ओढला आणि पूजा झाली. घरी येताना बैलगाडीच्या चाकोरीतून चालत कुंदा पुढे होती आणि आपला डावा हात उजव्या हातानं धरून चालली होती. मी ते पाहिलं. सुमननंही पाहिलं. आम्ही दोघं दहीभातावर बोलत राहिलो.

त्यानंतर तिचे छर्रे पसरायला लागले. आधी एका भोकाची दोन भोकं झाली. मग कागदावर मूठभर जागेत इकडेतिकडे भोकं दिसू लागली. संक्रांतीनंतर राज्याच्या निवड स्पर्धा होत्या. कुंदानं आधी छर्ऱ्यांना दोष दिला आणि दुसऱ्या डब्यातले छर्रे आणले. मग हवा भरायच्या नळकांड्याला. मग बुटांना. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून रायफलीला धरलं. आतल्या हवेचा दाब कमीजास्त होत असेल, म्हणून एक छर्रा जोरात आणि दुसरा हळू जात असेल, असं मी ठरवून टाकलं. मला त्यातलं काय कळत होतं? पण फवारणीचा पंप असाच वागतो, हे कळत होतं. पंपाचा वायसर झिजला की धार एकदा लांब जाते, एकदा पायाशी पडते.

खरं सांगायचं तर मला रायफल बिघडलेली हवी होती. आयुष्यात कोणत्याही वस्तूचं मी इतकं वाईट चिंतलं नसेल. रायफल बिघडली असेल तर पुण्याला पाठवता येणार होती, सुटा भाग बदलून परत येणार होती. ती बिघडली नसेल, तर मग कुंदाच्या त्या डाव्या हाताचं काय, हा प्रश्न उरत होता. तो कुणालाच उरायला नको होता. आणि हे ठरवायला वेगाचा काटा लागणार होता. वेग कमीजास्त आला, तर रायफल दोषी. सारखा आला, तर रायफल सुटली.

कुंदा आणि मी कापसाच्या गंजीवर बसून मोबाईलमध्ये काटे पाहत होतो, ते दिवस आठवले की अजून हसू येतं. मी पंप घ्यायला दोन हंगाम लावणारा माणूस. तीन प्रकारचे काटे होते. एक, बाजूला ठेवून दुरूनच लहरींनी वेग ओळखणारा. तो मोठ्या बंदुकांसाठी बरा, आपला छर्रा मुगाएवढा, तो त्याला नीट दिसेल की नाही, याची शंका. दुसरा थेट नळीच्या तोंडाला बांधायचा. तो मला आवडला, कारण मांडामांड काही नाही. कुंदानं साफ नाही म्हटलं.

"नळीवर काईच लटकवायचं नाई. वजन बदललं का तिचा तोलच बदलते. मंग आपण तिले मोजलं का त्या बोजाले मोजलं, कसं समजंन?"

"अवं, चार बोटांचं तं यंत्र हाये ते."

"तुह्या नाकाले चार बोटांचं काई बांधू का, अन् मंग सांग सरळ चाल म्हणून?"

तिसरा घेतला. एक लांबट पेटी, तिच्या पोटात थोड्या अंतरावर दोन डोळे. छर्रा पेटीवरून जातो, पहिल्या डोळ्यावर त्याची सावली पडली की आतलं घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यावर पडली की थांबतं. तेवढ्या वेळावरून वेग. वर उजेड सारखा पसरावा म्हणून पांढऱ्या प्लास्टिकची दोन छपरं. सावली पाहून मोजणारं यंत्र, याचं मला फार कौतुक वाटलं. कुरिअरवाला पोरगा पेटी देताना म्हणाला, "फवारणीचं हाये का, काका?" मी म्हणालो, हो. जास्त सांगत बसलो असतो तर तो चहा पिऊनच गेला असता.

यंत्र मांडायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. स्टूल ठेवलं, त्यावर पोत्याची घडी, त्यावर पेटी. फार जवळ ठेवायची नाही, नाही तर नळीतून निघालेल्या हवेच्या झोतानंच डोळे फसतात, असं माहितीपत्रकात होतं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. यंत्राची माहितीपत्रकं मोठ्यानं वाचणं हा माझा जुना रोग आहे. छर्रा दोन्ही डोळ्यांच्या बरोबर वरून, सरळ रेषेत जायला हवा. ती रेषा कशी धरायची? रिकाम्या रायफलीच्या नळीपासून लक्ष्यापर्यंत आम्ही सुताचा दोरा ताणला आणि त्याच्याखाली पेटी सरकवत सरकवत बसवली. सुमन दारात उभी राहून म्हणाली, "नवं घर बांधून राह्यले का पाया आखून?"

पहिला छर्रा मारला, काट्यावर आकडाच नाही. दुसरा, तिसरा, काहीच नाही. मी यंत्राला शिव्या घातल्या. मग कुंदाच्याच लक्षात आलं की वर ट्यूबलाइट आहे, आणि तिचा उजेड आपल्याला दिसत नसला तरी सारखा लुकलुकत असतो. गोठ्यातला जुना पिवळा बल्ब आणून पेटीवर टांगला आणि काटा बोलायला लागला.

एकशे एकाहत्तर. मग एकशे अठ्ठावन्न. मग एकशे नव्वद. मग पुन्हा एकशे एकाहत्तर, आणि त्यानंतर एकदम एकशे एकोणपन्नास. सेकंदाला इतके मीटर. चांगल्या रायफलीत दोन छर्ऱ्यांच्या वेगात एखाददुसऱ्याचा फरक असावा, इथं तर जत्रा भरली होती.

मी ओरडलोच. "सापडली! सापडली बदमाश!"

रायफलीकडे बोट दाखवून मी जे काही बोललो ते छापण्यासारखं नाही. सुमननं त्याच संध्याकाळी शिरा केला, बदाम घालून. मी पुण्याला फोन लावून रायफल कशी पाठवायची ते विचारलं. कुंदा गंजीवर उताणी पडून टिनाकडे पाहत हसत होती. लहानपणी कापूस घरात आला की आम्ही दोघं गंजीवरून उड्या मारायचो आणि मग अंगभर खाज सुटली की आईच्या शिव्या खायचो. तशी ती त्या दिवशी पडली होती, केसांत कापूस, कपाळावर कापूस. ती एवढंच म्हणाली, "आणखी एकदा पाहू, दादा. आज घाईत मांडलं आपण." मी म्हणालो, आता काय पाहायचं राहिलं?

तो एक आठवडा असेल, कदाचित कमी. घर कसं हलकं झालं होतं! कुंदाच्या हातून चहाचा कप पडला तरी आम्ही सगळे हसलो. दोष सापडला होता, तो लोखंडात होता, आणि लोखंडाला दवाखाना होता. वेचणीच्या बायका मोठमोठ्यानं गाणी म्हणत कापूस आणून टाकत होत्या, गंजी टिनाला टेकायला आली होती, आणि मी भाव पडल्याची बातमी ऐकूनही जेवताना दोनदा भात मागितला, असं सुमन अजून सांगते.

मग एका दुपारी मी वावरातून आलो तर शेडच्या दारातच ओलं. आत पाहतो तर सगळ्या जमिनीवर पाण्याचा सडा. माझं डोकंच फिरलं. कापसाला ओल लागली की त्याची काय किंमत होते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी दारातूनच बोंबललो, "कापसाजवळ पाणी कोणं टाकलं? डोकं ठिकाणावर हाये का कोणाचं?"

"म्या टाकलं," कुंदा आतून म्हणाली. "गंजीले थेंबही नाई लागला. ये इकडे. बस."

आईच्या खाटेची जुनी मच्छरदाणी तिनं वरच्या आडव्या पाइपाला बांधली होती, अशी की वेगाचा काटा पूर्ण तिच्या आत. छर्रा जायला दोन्ही बाजूंना जाळी कापलेली. पिवळा बल्बही आत. शेडचं मागचं दार बंद केलेलं, वारा नाही. सड्यानं तंतू खाली बसले होते, हवेत एकही उडत नव्हता. कापसाच्या हंगामात आमचं शेड इतकं स्वच्छ मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"सकाळी पेटी पुसाले घेतली," ती म्हणाली. "पह्यल्या डोयावर कापूस चिकटून होता. मंग इचार केला. नळीतून छर्ऱ्याच्या आंधी हवा निंघते. समोर उडणारा कापूस ते हवा ढकलते. काट्याले वाटते छर्राच आला. घड्याळ आंधीच सुरू होते. कधी दुसऱ्या डोयावर कापूस जाते, तं आंधीच थांबते. ते आकडे कापसाचे होते, दादा."

तिनं रायफल उचलली. उचलताना डावा हात कापला, तिनं तो कमरेशी घट्ट दाबला आणि मारला. एकशे एकाहत्तर. पुन्हा भरली, मारला. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे एकाहत्तर. ती मारत राहिली आणि काट्यावर तोच आकडा उमटत राहिला, आणि समोरच्या कागदावर भोकं मात्र इकडेतिकडे पडत होती. मी काट्याकडे पाहत होतो आणि मनात देवाला म्हणत होतो, एकदा तरी एकशे अठ्ठावन्न दाखव. एकदाच.

तिनं रायफल खाली ठेवली.

"माह्यंच हाये हे, दादा. रायफलीचं काई नाई."

"काहून केलं तू हे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि तो कुणावर चढला होता ते मला ठाऊक नव्हतं. "पुण्याले पाठवलीच असती ना आपण. पाहू म्हटलं असतं. कायले एवढी घाई?"

"तिच्यावर किती दिवस आळ घ्यायचा? तिनं काई केलंच नाई तं."

मग ती खाली बसली, मऊ फडकं घेतलं आणि रायफल पुसायला लागली. पुसता पुसता तिच्याशी बोलत होती, हळू, तान्ह्या लेकराशी बोलावं तसं. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. कापूस आवाज पितो. सुमन दारात येऊन उभी राहिली. ओली जमीन, मच्छरदाणी आणि आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि न विचारता तिला सगळं समजलं. तिनं पदर तोंडाला लावला.

पुढचं मी फार लिहिणार नाही. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तिच्या डाव्या अंगठ्याजवळचा मांसाचा उंचवटा दाबून पाहिला, जो ओसरून सपाट झाला होता. तारा लावून तपासण्या केल्या. स्नायू हळूहळू काम सोडत जातात असा आजार, आणि त्याला थांबवणारं औषध अजून नाही, हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. परतीच्या एसटीत कुंदा खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. यवतमाळ जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "पायलले मधातच सोडता येत नाई. तिची उभं राह्यची ढब अजून कच्ची हाये."

पायल म्हणजे आमच्या वावरामागच्या तांड्यावरची मुलगी. कुंदाच्या शाळेतली. तिचे आईवडील आमच्याकडे वेचणीला यायचे आणि ही त्यांच्यामागून यायची, शेडच्या दारात उभी राहून पाहायची. कुंदानं तिला आत घेतलं होतं. आता कुंदानं आपली रायफलच तिच्या हातात दिली. आधी ती बाजूला उभी राहून शिकवायची, मग खुर्चीवर बसून. मग हात उचलेनासे झाले तेव्हा नुसतं बोलून. शेवटच्या हंगामात आवाजही गेला, मैदानापलीकडच्या गाईला ऐकू जाणारा तो आवाज. तेव्हा ती डोळ्यांनी शिकवायची. पापणी मिटली की श्वास थांबव, उघडली की मार. पायल तिच्याकडे न पाहताच ते ओळखायची, कसं ते मला कधी कळलं नाही.

आवाज होता तेव्हा मी तिला एकदा विचारलं होतं, त्या आठवड्याबद्दल. ते कापसाचे आकडे तसेच राहू दिले असते, रायफल पुण्याला जाऊन आली असती, तर आणखी महिना दीड महिना सुखाचा गेला असता. कळायचंच होतं, पण उशिरा कळलं असतं. तुला असं वाटत नाही का? तिनं जरा विचार केला.

"भेटला ना आठ दिवस शिरा," म्हणाली. "बदाम घातलेला. तसा सुमनवहिनी कधी बनवते का?"

चैत्रात गेली ती. गंजी विकून झाली होती आणि शेड रिकामं होतं. त्या दिवशी घरात जे रडणं झालं ते टिनावर आपटून मोठं होऊन परत येत होतं. मला एवढंच सुचत होतं की कापूस असायला हवा होता. हिला शांतता आवडायची.

माणसाच्या मनाला काय म्हणावं! ते खोटे आकडे मला पाठ आहेत आणि खरे आकडे आठवले की मी उठून वावरात निघून जातो. मी पुष्कळदा स्वतःशी भांडलो आहे. कधी वाटतं, त्या आठवड्याची मला लाज वाटायला हवी, बहिणीच्या अंगात मरण शिरलेलं आणि मी शिरा खात होतो. मग वाटतं, लाज कसली? तो आनंद काही खोटा नव्हता. ती गंजीवर पडून हसली होती, ते हसू मी डोळ्यांनी पाहिलं. ते कापसानं दिलं असेल तर कापसाचे उपकार. आमच्या घराला आजवर कापसानं जे काही दिलं, ते असंच, हंगामापुरतं.

गेल्या आठवड्यात पायल आली. ती आता यवतमाळला कॉलेजात शिकते, सरावाला मात्र इथंच येते. पुढच्या महिन्यात तिच्या स्पर्धा आहेत. चार छर्रे मारले, कागद पाहिला, आणखी चार मारले. मग रायफल खाली ठेवून कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका, रायफल बिघडली वाटते. छर्रे पसरून राह्यले."

मी गंजीवर कापूस लोटत होतो. हातातलं लाकडी दाताळं तिथंच पडलं.

फळीवरचं पोतं उतरवलं, झटकलं. वेगाचा काटा स्टुलावर ठेवला. नळीपासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणला. सुमनकडून मच्छरदाणी मागितली, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाटाच्या तळातून ती काढून आणून दिली. कापलेल्या जागा तशाच होत्या. मग मी बादली घेतली आणि शेडभर पाण्याचा सडा टाकला, कापसाच्या बुडाशी हात जपून. त्या दिवशी कुंदावर पाण्यासाठी ओरडलेला मी, आज स्वतः ओंजळीनं पाणी शिंपत होतो. मच्छरदाणीत बल्ब लावला.

सगळं मांडून झालं तरी मला तिला 'मार' म्हणवेना. मी गंजीतून मूठभर कापूस उचलला आणि तिच्यापुढे धरला. "याचा दोरा काढून दाखव बरं."

"आता?"

"हो. आता."

तिला वाटलं असेल, म्हातारा आता पुरता गेला. पण तिनं कापूस घेतला, सरकी बाजूला केली आणि बोटांनी ओढायला लागली. मी तिच्या अंगठ्याकडे पाहत होतो. बुडाशी भरदार, गोल उंचवटा. दोरा निघत गेला, लांब, बारीक, एकसारखा. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला, पुढे जमिनीला टेकला, तरी तुटला नाही. मी तो तिच्या हातून घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"मार आता," म्हणालो.

एकशे एकाहत्तर. एकशे एकाहत्तर. एकशे सत्तर. एकशे एकाहत्तर.

पायलनं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"म्हंजे माह्यंच हाये हे, काका? रायफलीचं काई नाई ना?" ती हसली. "बरं झालं माय! मले तं भेवच वाटला होता. माह्यंच असंन तं काय, उद्यापासून जास्तीचा सराव करतो."

तिनं रायफल उचलली, कोपर कमरेला लावलं, उभी राहिली. चिमण्या टिनाखालच्या पाइपावर बसून होत्या. मी गंजीच्या मागे गेलो आणि कापसात तोंड खुपसून रडलो. कापसानं सगळा आवाज पिऊन घेतला, आणि पायल नेम धरत राहिली.